तुझं ते लिनक्स बंद पडलंय

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० वरून हात काढून घेतला आणि ऐन दिवाळीच्या साफसफाईत घराघरांतले धडधाकट लॅपटॉप म्हातारे ठरले. विंडोज ११ ला टीपीएम २.० नावाची सुरक्षा चिप लागते, आणि प्रोसेसर इंटेलचा असेल तर तो बहुतेक वेळा आठव्या पिढीपासून पुढचाच लागतो. आपल्याला स्वतःच्या पणजोबांपलीकडची पिढी सांगता येत नाही, लॅपटॉपची मात्र तोंडपाठ हवी. वर्षभराची मुदतवाढ मिळत होती म्हणा, पण दिवाळीच्या साफसफाईला मुदतवाढ नसते. निम्मे लॅपटॉप माळ्यावर गेले, निम्मे भंगारवाल्याच्या वाटेला लागले.

प्रत्येक कुटुंबात एक माणूस या तारखेवर डोळा ठेवून बसलेला असतो. एरवी त्याला लोक फक्त वायफायचा पासवर्ड विचारतात. ‘भंगारात देऊ नका, मी लिनक्स टाकून देतो’ हे वाक्य म्हणायला त्याने अनेक वर्षं वाट पाहिलेली असते. आमच्या घराण्यात तो माणूस मी आहे आणि माझ्यानंतर ही गादी माझा भाचा चालवणार आहे. त्यामुळे या पंथात काय चालतं ते मी आतून सांगू शकतो.

विंडोजच्या जागी लिनक्स टाकायला अर्धा तास लागतो. कोणतं टाकायचं हे ठरवायला लागणारा वेळ यात धरलेला नाही.

नांदती लिनक्सं दोनशेच्या वर आहेत. त्यांना डिस्ट्रो म्हणतात. आतला गाभा, म्हणजे कर्नल, सगळ्यांचा एकच. हेलसिंकीच्या एका एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने १९९१ च्या ऑगस्टमध्ये, ‘हा आपला फावल्या वेळातला उद्योग आहे, फार मोठं काही व्हायचं नाही,’ अशा अर्थाची नोटीस लावून तो जगापुढे आणला. नोव्हेंबर २०१७ पासून जगातले सर्वांत वेगवान पाचशेच्या पाचशे महासंगणक त्याच्यावर चालतात. मंगळावर उडालेल्या इन्जेन्युइटी हेलिकॉप्टरमध्ये तो होता. आपल्या खिशातल्या अँड्रॉइड फोनमध्ये तो आहे. फक्त आमच्या शेजाऱ्यांच्या लॅपटॉपवर त्याला वायफाय सापडत नाही.

त्या गाभ्याभोवती कुणी काय काय बांधलं यावरून दोनशे पंथ झाले. उबुंटूवाले आता चाळिशीपुढचे आहेत. २००४ साली उबुंटू आलं तेव्हा मागेल त्याला सीडी फुकट पोस्टाने येत. इंजिनिअरिंगच्या होस्टेलवर आपल्या नावाचं परदेशी पाकीट येणं ही तेव्हा इभ्रतीची गोष्ट होती, त्यामुळे ज्यांच्याकडे कॉम्प्युटर नव्हता त्यांनीही सीडी मागवल्या. २०११ मध्ये ती योजना बंद झाली. तोवर आलेल्या सीडी पुढे बाल्कनीत कबुतरं हाकलायला टांगलेल्या मी पाहिल्या आहेत. तेवढ्या एका कामात उबुंटूचा हात कुणीच धरला नाही.

डेबियनवाले शांत असतात. १९९३ पासून चालत आलेलं घराणं, घाई माहीत नाही. त्यांच्या आवृत्त्यांना ‘टॉय स्टोरी’ या सिनेमातल्या खेळण्यांची नावं असतात, कारण सुरुवातीच्या काळात ज्यांच्याकडे नेतृत्व होतं ते ब्रूस पेरेन्स पिक्सारमध्ये नोकरीला होते. जी आवृत्ती कायम कच्ची असते तिचं नाव सिड, म्हणजे सिनेमातला खेळणी मोडणारा द्वाड पोरगा. या घराण्याच्या विनोदाची इतकीच उदाहरणं मला ठाऊक आहेत. बाकी वेळ ते ‘स्थिर’ आवृत्तीवर असतात. स्थिर याचा अर्थ, तुम्हाला आज हवी असलेली सोय त्यात पुढच्या आवृत्तीत येईल, आणि ती साधारण दोन वर्षांनी निघेल. तुम्हाला ती सोय खरंच हवी होती का, याचा विचार करायला मधला वेळ आहे.

आर्चवाल्याला ओळखावं लागत नाही, तो सांगतोच. या विनोदाला आता दाढी आली आहे, पण भाचा आर्चवाला असल्यामुळे तो मला रोज नव्याने ऐकावा लागतो. एक मात्र मान्य करायला हवं की आर्चवाल्यांनी लिहून ठेवलेली विकी इतकी नेटकी आहे, की डेबियनवालेही अडचणीच्या वेळी गुपचूप तिथेच जातात. आणि जेंटूवाले? ते प्रत्येक प्रोग्रॅम मूळ सोर्सपासून स्वतःच्या यंत्रावर घडवून घेतात. ब्राउझर हवा असेल तर संध्याकाळी आज्ञा द्यायची आणि जेवायला बसायचं. डिसेंबर २०२३ मध्ये जेंटूनेही तयार घडवलेली पॅकेजं द्यायला सुरुवात केली. कित्येकांची संध्याकाळ त्या दिवशी रिकामी झाली असेल.

खुद्द लिनस टोरवाल्ड्स, म्हणजे हेलसिंकीचा तो विद्यार्थी, फेडोरा ही डिस्ट्रो वापरतात. कर्नल सोडून बाकीच्या भानगडीत त्यांना फारसा रस नाही. जे पटकन बसतं आणि कर्नलच्या कामाच्या आड येत नाही ते बरं, असं त्यांचं साधं मत. हे मी भाच्याला सांगितलं. तो म्हणाला, ‘‘त्यांना काय कळतंय मामा!’’

डिस्ट्रो ठरली की डेस्कटॉप ठरवायचा. इथे दोन मोठी घराणी. केडीई १९९६ साली सुरू झालं, पण ते ज्या क्यूटी नावाच्या सामग्रीतून बांधलं होतं तिचा परवाना पुरेसा मुक्त नव्हता. म्हणून १९९७ मध्ये दुसऱ्यांनी ग्नोम काढलं. २००० साली क्यूटी जीपीएल परवान्याखाली आलं, भांडणाचं कारण मिटलं. दोन्ही घराणी मात्र चुली वेगळ्या ठेवूनच राहिली. आज फरक असा, की केडीईत प्रत्येक गोष्ट बदलता येते, अगदी जी तुम्ही चुकून बदलली आणि परत जागेवर आणता येत नाही तीसुद्धा. ग्नोमवाले एकेक बटण विचारपूर्वक काढून टाकतात. २०११ मध्ये ग्नोम ३ आलं तेव्हा खिडकी खाली सरकवण्याचं बटणही गेलं. त्यावर इतका गदारोळ झाला की जुनं ग्नोम जसंच्या तसं जपणारं माटे निघालं, जुन्या वळणाचं नवं सिनॅमन निघालं, आणि टोरवाल्ड्स रागावून एक्सएफसीई या वेगळ्याच डेस्कटॉपकडे गेले. काही काळाने परतही आले. एवढ्याशा बटणापायी दोन नवे डेस्कटॉप जन्माला आले, आणि दोन्ही आजही उत्तम चालतात. माझा स्वतःचा कल सिनॅमनकडे आहे. खाली पट्टी, डाव्या कोपऱ्यात मेनू, आणि सासूबाईंना काही बदललंय हे कळत नाही.

आता यात धोका नाही असं मी म्हणणार नाही. नोव्हेंबर २०२१ मध्ये लायनस सेबॅस्टियन या कॅनडातल्या प्रसिद्ध यूट्यूबरने (स्पेलिंग टोरवाल्ड्सच्या नावाचंच, पण हा दुसरा) पॉप ओएस या लिनक्सवर खेळांसाठी स्टीम टाकायला घेतलं. पॅकेजांमध्ये तेव्हा एक गोंधळ होता. यंत्राने स्वच्छ बजावलं की हे करायला गेलात तर अत्यावश्यक गोष्टी उडतील. नक्की करायचं असेल तर ‘होय, मी सांगतो तसं कर’ अशा अर्थाचं पूर्ण इंग्रजी वाक्य टाइप करा. गड्याने केलं. यंत्राने त्याचा अख्खा डेस्कटॉप काढून टाकला आणि काळा पडदा समोर ठेवला. लाखो लोकांनी हे पाहिलं. त्यावर लिनक्सवाल्यांचे दोन तट पडले: एक म्हणे चूक यंत्राची, दुसरा म्हणे सूचना वाचायला नको का. मला यातली शिस्त आवडते. सांगितलेलं ऐकणारं घरात दुसरं कुणी नाही.

आणि दोष कुणाचा, हाच या सगळ्या प्रकरणातला खरा प्रश्न आहे. विंडोज अडकलं तर लोक म्हणतात, ‘कॉम्प्युटर अडकला.’ लिनक्स अडकलं तर म्हणतात, ‘तू टाकलेलं ते अडकलं.’ आमच्या इमारतीत एक निवृत्त काका आहेत, त्यांना मी मिंट नावाचं लिनक्स टाकून दिलं. प्रिंटर जोडला, त्याने स्वतःहून ओळख दिली, पान छापून आलं. काका म्हणाले, ‘‘प्रिंटर चांगला आहे हो.’’ पुढच्या आठवड्यात शाई संपली तेव्हा मला खालून हाक आली, ‘‘अरे, तुझं ते लिनक्स छापत नाहीये!’’

प्रिंटरचा विषय या मंडळींत हळवा आहे, कारण मुक्त सॉफ्टवेअरच्या चळवळीचं मूळच तिथे आहे. साधारण १९८० च्या सुमारास अमेरिकेत एमआयटीच्या प्रयोगशाळेत झेरॉक्सचा एक लेझर प्रिंटर आला, त्यात कागद अडकायचा. रिचर्ड स्टॉलमन तिथे काम करायचे. कागद अडकला की आपापल्या जागी निरोप मिळावा एवढी सुधारणा त्यांना प्रिंटरच्या प्रोग्रॅममध्ये करायची होती. त्यांनी सोर्स मागितला आणि तो मिळाला नाही. दुसरा कुणी असता तर प्रिंटरला चापट मारून मोकळा झाला असता. स्टॉलमननी १९८३ मध्ये ग्नू प्रकल्प जाहीर केला. आजही ‘लिनक्स’ म्हटलं की ते ‘ग्नू-लिनक्स म्हणा’ असं सुनावतात, आणि त्यात तथ्य आहे. पण काकांना एवढं सांगत बसलो तर शाई कधी भरायची?

काकांचा खरा अडसर वेगळाच निघाला. ते पूर्वी पुस्तकांची जुळणी करायचे. तीस वर्षांच्या फायली पेजमेकरमध्ये, आणि त्यातला मजकूर युनिकोडपूर्व काळातल्या मराठी फाँटांत. पेजमेकरची शेवटची मोठी आवृत्ती २००१ ची. त्या फायली लिनक्सवर उघडायला गेलं तर पानभर असं काही दिसतं की ते मराठी आहे यावर लेखकाचाही विश्वास बसू नये. मराठी प्रकाशनातल्या कित्येक कचेऱ्यांत एक जुनाट विंडोज केवळ याच कारणासाठी कोपऱ्यात जिवंत ठेवलेलं असतं. तेव्हा काकांकडे आता दोन यंत्रं आहेत. नवी मराठी मात्र लिनक्सवर झकास लिहिता येते. इनस्क्रिप्ट आहे, ध्वनीनुसार टाइप करायची सोय आहे, लोहित आणि नोटोसारखे मोफत फाँट आहेत. फक्त लिब्रे ऑफिसला ‘ही भाषा मराठी आहे’ हे एकदा सांगावं लागतं. नाहीतर काही फाँट ल आणि श हिंदी वळणाचे काढतात, आणि काका चष्मा कपाळावर चढवून म्हणतात, ‘‘हा श आपला नाही.’’

बोट कुणाकडे दाखवायचं याची सर्वांत महागडी परीक्षा म्युनिक शहरात झाली. २००३ मध्ये तिथल्या नगरपालिकेने विंडोज सोडून लिनक्सवर जायचं ठरवलं. मायक्रोसॉफ्टचे प्रमुख स्टीव्ह बामर स्कीइंगची सुट्टी टाकून महापौरांना भेटायला धावले, तरी पालिका बधली नाही. पुढच्या दहा वर्षांत पंधरा हजारांच्या आसपास कॉम्प्युटर लिनक्सवर गेले. नंतर नवे महापौर आले, कुरबुरी वाढल्या, आणि २०१७ मध्ये पालिकेने परत विंडोजवर जायचा ठराव केला. माझा अंदाज असा, की मधल्या काळात तिथे लिफ्ट बंद पडली तरी बोट लिनक्सच्या पेंग्विनकडे गेलं असेल. आता जर्मनीच्याच उत्तर टोकाला श्लेस्विग-होल्स्टाइन राज्याने २०२४ मध्ये तीस हजार कॉम्प्युटरांसाठी तीच वाट धरली आहे. त्यांना शुभेच्छा. लिफ्ट तेवढ्या आधी दुरुस्त करून घ्याव्यात.

डेस्कटॉपवर भागलं असतं तर हा लेख इथेच संपला असता. पण या माणसाला लवकरच पुढची हौस लागते, ती म्हणजे घरचा सर्व्हर. १ जून २०२१ पासून गुगल फोटोजची अमर्याद फुकट जागा बंद झाली. शंभर जीबीला महिन्याचे १३० रुपये पडतात. हे १३० रुपये वाचवण्यासाठी तो हजारो रुपयांच्या दोन हार्ड डिस्क आणतो, जुना लॅपटॉप झाकण मिटून टीव्हीखाली ठेवतो (बॅटरी आहे, म्हणजे यूपीएस फुकट, ती फुगली आहे का हे अधूनमधून पाहावं) आणि त्यावर फोटोंसाठी इमिच, फायलींसाठी नेक्स्टक्लाउड, सिनेमांसाठी जेलीफिन आणि जाहिराती अडवायला पाय-होल बसवतो.

त्या क्षणापासून तो घराचा सोसायटी सेक्रेटरी होतो. कुणी निवडून दिलेलं नाही, मानधन नाही, पाणी आलं तर ते धरणाचं आणि गेलं तर याचं. ‘‘तुझं ते फोटोंचं बंद पडलंय,’’ असं बायको म्हणते. चालू असतं तेव्हा ते ‘आपले फोटो’ असतात. सासूबाई साडीच्या सेलची लिंक दाबतात, लिंक जाहिरातीची असते, पाय-होल इमानाने ती अडवतो. ‘‘जावईबापू, तुमच्या घरात आमचं नेट चालत नाही,’’ असं त्या मायेने सांगतात. आता त्यांना डीएनएस समजावून सांगणार आहात का? मी त्यांचा फोन अपवादांच्या यादीत टाकला. तत्त्वाला मुरड घालावी लागली, पण जेवण गरम मिळालं.

इमिच झकास आहे, चेहरे ओळखतं, गणपतीतले फोटो सालानुसार लावून देतं. त्याची स्थिर म्हणावी अशी पहिली आवृत्ती ऑक्टोबर २०२५ मध्ये आली. त्याआधी त्याचे कर्तेच सांगत की फोटो ठेवायची ही एकमेव जागा करू नका. या प्रामाणिकपणाचं मला कौतुक वाटतं. बायकोला वाटलं नाही.

बाहेरून घरच्या सर्व्हरपर्यंत पोहोचणं हा वेगळाच अध्याय. आपल्याकडे बऱ्याच इंटरनेट जोडण्यांना स्वतःचा सार्वजनिक पत्ता मिळतच नाही. सीजीनॅट नावाच्या व्यवस्थेत एकच पत्ता अनेक गिऱ्हाइकांत वाटलेला असतो. म्हणजे तुमच्या घरातून जगात जाता येतं, जगातून तुमच्या घरी येता येत नाही. मग स्थिर आयपीचे जादा पैसे भरा किंवा टेलस्केल, वायरगार्ड अशा खासगी बोगद्यातून या. शिवाय आमच्याकडे गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज जाते. सर्व्हरला बॅटरी असते, पण राउटरला नसते हे बहुतेकांना पहिल्या गुरुवारीच कळतं. सर्व्हर चालू आहे की बंद यावर नजर ठेवणारा प्रोग्रॅमही मिळतो, त्याचे आलेख फार देखणे असतात. बहुतेक लोक तो त्याच सर्व्हरवर बसवतात. त्यामुळे सर्व्हर बंद पडल्याची बातमी सोडून बाकी सगळ्या बातम्या वेळेवर येतात.

या पंथात एक वाक्य गुरुमंत्राच्या आवाजात सांगतात: रेड म्हणजे बॅकअप नव्हे. रेडच्या पद्धतीने दोन डिस्कवर एकच मजकूर लिहिला जात असेल तर तुम्ही पुसलेला फोटो दोन्हीकडून एकदमच पुसला जातो. खरा नियम तीन-दोन-एक: तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, एक घराबाहेर. ही घराबाहेरची प्रत आमच्याकडे साताऱ्याला मेव्हण्याच्या कपाटात असते, शालूखाली. दिवाळीला जुनी डिस्क आणायची, नवी ठेवायची. मेव्हणा तिला ‘तुमचा डबा’ म्हणतो आणि काय आहे त्यात असं अजून विचारत नाही. याहून चांगलं डेटा सेंटर मला परवडणार नाही.

एकच गोष्ट घरी चालवायची नाही: मेल. पाठवायला लागणारं पोर्ट २५ घरगुती जोडणीवर बहुधा बंद असतं. ते मिळालं तर एसपीएफ, डीकिम, डीमार्क या तीन पडताळण्यांची मर्जी सांभाळायची. तेही झालं तर घरगुती पत्ते आधीच काळ्या यादीत असतात, आणि इतका आटापिटा करून पाठवलेलं पत्र समोरच्याच्या स्पॅममध्ये जाऊन पडतं. तिथून ते काढायला त्याला फोन करावा लागतो. फोनच करायचा तर निरोप त्यातच सांगून टाकावा.

हे सगळं ऐकून घेतल्यावर बायकोने शांतपणे जो प्रश्न विचारला तो कोणत्याही विकीत नाही. ‘‘तुला काही झालं तर फोटो कुठून काढायचे?’’ भाचा म्हणाला, ‘‘मामी, मी आहे ना, एसएसएचने आत जाईन.’’ मामीने त्याच्याकडे ज्या नजरेने पाहिलं त्यावरून तो आपण होऊन चहा करायला उठला. मग मी एका कागदावर, कमांड न लिहिता, साध्या मराठीत लिहून काढलं: कोणती डिस्क काढायची, कोणत्या लॅपटॉपला लावायची, पासवर्डची वही कुठे आहे. तो कागद विम्याच्या फायलीत ठेवला. बायकोने तो कागद पाहून, मी जिवंत असताना, एका दुपारी फोटो काढून दाखवले. आमच्या सर्व्हरची एवढी कडक तपासणी त्याआधी कुणी केली नव्हती.

तेव्हा माळ्यावर गेलेला लॅपटॉप खाली काढा. मिंट टाका, धीर असेल तर डेबियन टाका, आणि भाच्याला विचारू नका. चित्रपट-फोटोंपुरता सर्व्हर करावासा वाटला तर खुशाल करा, पण पहिल्या डिस्कबरोबरच बॅकअपची डिस्क आणा आणि तो कागद आधी लिहा. फक्त काहीही झालं तरी रविवारी रात्री जेवणानंतर ‘जरा अपडेट मारून बघू’ म्हणून बसू नका. सोमवारी ऑफिस असतं.